फी घेतली, मग तारीख सांगा



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने वाचन-लेखन बंद होतं. आता उजव्या डोळ्याने तरी स्वच्छ दिसतंय, तेव्हा मनात साठलेलं एकेक काढून ठेवावं म्हणतो.

निवृत्त होऊन मला सतरा वर्षं झाली, पण नेरमध्ये माझी एक नोकरी अजून सुरू आहे. लोक माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येतात. पीक विमा, शिष्यवृत्ती, पेन्शनचा हयातीचा दाखला, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत पासपोर्ट आणि व्हिसासुद्धा. मी मराठी माध्यमाचा बी.ए.; इंग्रजी अर्जाची मला पूर्वी धडकीच भरायची. आता सरावाने जमतं. संगणक नातवाने शिकवला.

तर गेल्या आठवड्यात संध्याकाळी मागच्या गल्लीतली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. इंजिनिअर झाली आहे, पुढे शिकायला जर्मनीला जायचं म्हणते. व्हिसाची फी ७५ युरो. मुलीने विचारलं, "आजोबा, व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळते का?" मी म्हटलं, "नाही बेटा, ती गेली." तिचे वडील शेतकरी माणूस. या वर्षीचं सोयाबीन विकून पैसे जमवत आहेत. ते म्हणाले, "सर, द्याचंच नाही तं मंग पैसे घेते कायले?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे पाठ केलेलं उत्तर मला ठाऊक होतं, की ही फी अर्ज तपासण्याची आहे, व्हिसाची नव्हे. पण ते उत्तर त्या माणसाच्या तोंडावर सांगवेना. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आधी चांगलं तेवढं सांगतो, नाहीतर म्हाताऱ्यांना नुसतं कुरकुरायलाच येतं असं व्हायचं. आपल्याकडचा पासपोर्टचा कारभार मी डोळ्यांदेखत सुधारलेला पाहिला आहे. पूर्वी पासपोर्ट म्हणजे छापील अर्ज, राजपत्रित अधिकाऱ्याच्या मिनतवाऱ्या करून घेतलेल्या साक्षांकित प्रती, पोलिसांची चौकशी आणि मग नुसती वाट बघणं. अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग २०१० ते २०१२ या काळात पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली. अर्ज संगणकावर भरायचा, पैसे भरायचे, समोर दिसणाऱ्या तारखांतून आपली तारीख घ्यायची आणि त्या वेळेला जायचं. मी नागपूरला गेलो तेव्हा टोकन मिळालं, तीन खिडक्या झाल्या, बोटांचे ठसे आणि फोटो झाला आणि दीड तासात मी बाहेर! बाहेर येऊन संत्र्याचा रस प्यायलो तरी विश्वास बसत नव्हता. पुढचं सगळं मोबाईलवर कळत गेलं. अर्ज पोलिसांकडे गेला, परत आला, छापला, पोस्टात पडला.

२०१२ च्या ऑक्टोबरात फी हजाराची दीड हजार झाली. लोकांनी फार आरडाओरड केलेली मला आठवत नाही, कारण पैशाच्या बदल्यात काय मिळणार आणि कधी, हे दिसत होतं. २०१६ च्या डिसेंबरात कागदांचे नियम सैल झाले, २०१७ पासून पोस्टाच्या इमारतींत पासपोर्ट केंद्रं निघू लागली, आणि त्याच वर्षी साठीच्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट जाहीर झाली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण "आपल्याकडे काही सुधारत नाही" हे वाक्य मला आवडत नाही.

आता माझ्या पापाची गोष्ट. शिक्षक असल्यामुळे ती लपवून चालणार नाही.

आमच्या काळात खेड्यापाड्यातली आई पोराचा हात धरून शाळेत यायची. जन्मतारीख विचारली की म्हणायची, "पोळ्याच्या आंधी झाला जी, थ्या वर्षी लय पाणी आलं होतं." सहा वर्षं पूर्ण दिसली पाहिजेत, म्हणून आम्ही दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सरळ १ जुलै लिहून मोकळे व्हायचो. कोतवाल बुकातली नक्कल आणायला सांगितली तर ती बाई पुन्हा शाळेत फिरकणार नाही, ही भीती असे. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून १ जुलै, बाकी महाराष्ट्रात १ जून. महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो असं आपण गमतीने म्हणतो. त्यातले बरेच वाढदिवस माझ्याही अक्षरात आहेत.

२०१४ साली माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वेल्डिंगचं काम शिकलेला, आखातात नोकरी ठरलेली. त्याच्या दाखल्यावर १ जुलै १९९०, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत १९९१ चा मार्च. त्या वेळी नियम असा होता, की २६ जानेवारी १९८९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागे. बाकीचे सगळे कागद शाळेच्या तारखेवर बनलेले. ते दुरुस्त करता करता पाच महिने गेले आणि ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "सर, थे तारीख तुमीच तं लिवली होती."

आता तो पुण्याकडे काम करतो, बरं चाललं आहे. पण त्या वाक्याने मला एक शिकवलं. अर्जातली जी चूक अधिकाऱ्याला फसवाफसवी वाटते, ती पुष्कळदा फसवाफसवी नसते. तिच्यामागे एक घाईतला शिक्षक आणि एक अडाणी पण शहाणी आई असते. सरकारलाही हे हळूहळू कळलं. २०१६ च्या नियमांत शाळेचा दाखला, आधार, पॅन अशा कागदांवरची तारीख चालू लागली. आणि २०२५ मध्ये ठरलं, की १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांनाच फक्त जन्मदाखला सक्तीचा. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पुढच्यांना शिस्त लावली आणि मागच्यांना मागच्या काळाची शिक्षा दिली नाही.

व्हिसाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कमी दिसतं. इथे माझा घरचा अनुभव सांगतो. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका देशावर राग काढण्यासाठी हे लिहीत नाही आहे.

२०१८ ची गोष्ट. आमची लेक परदेशात, दुसऱ्या खेपेला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण इथे माहेरीच झालं होतं. या वेळी जावयांच्या नोकरीमुळे येणं शक्य नव्हतं. तेव्हा हिने जायचं ठरलं. पाचव्या महिन्यात अर्ज केला, फी भरली आणि त्यानंतर कळलं, की तारखाच नाहीत. रोज रात्री जावई तिकडून आणि नातू इकडून संगणकाकडे बघत बसायचे. एकदा पहाटे एक तारीख दिसली, दहा आठवड्यांनंतरची. घेतली. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो, डोंबिवलीला पुतण्याकडे उतरलो. हिने इथून निघताना डिंकाचे लाडू करून घेतले होते. व्हिसा हातात पडला की तिकीट काढायचं, असा बेत.

खिडकीवर अडलं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर हिचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आमच्या लग्नात नाव बदलण्याची रीत होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव मीच लिहिलं होतं, तेव्हा काय कल्पना की ते एक दिवस मुंबईच्या खिडकीवर आडवं येईल! अर्जात 'पूर्वीचं नाव' असा रकाना होता, तो ज्या एजंटने अर्ज भरला त्याने कोरा ठेवला होता. (तेव्हा असे अर्ज मी स्वतः भरत नव्हतो. त्यानंतर भरू लागलो.) सांगितलं गेलं, दुरुस्त करून पुन्हा या. पुन्हा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तारखेची वाट.

दुसरी तारीख नऊ आठवड्यांनी मिळाली. तोपर्यंत नात जन्मली होती. लेकीने तिथे एकटीने सगळं काढलं. फोनवर ती काही बोलायची नाही, पण हिला आवाजावरून कळायचं. दुसऱ्या वेळी लाडू पुन्हा केले होते, कारण पहिले आम्हीच खाल्ले होते. आणि दुसऱ्या मुलाखतीत काय झालं असेल? चार मिनिटांत व्हिसा दिला. नावाबद्दल एक शब्द विचारला नाही. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "मी दोन नावांची बाई, त्यांना एकच पाहिजे होती. आज दोन्ही चालल्या."

असो. आता मुद्द्याकडे येतो.

कुणाला आपल्या देशात घ्यायचं हा ज्या त्या देशाचा अधिकार आहे. आपल्या घराचं दार कुणाला उघडायचं हे आपणच ठरवतो ना? खोटे कागद करणारेही आहेत, पाहुणा म्हणून जाऊन तिथेच राहणारेही आहेत. तपासणी हवीच आणि तिला वेळ लागणार, हे मी मान्य करतो. नकार मिळाला म्हणून मी रडणार नाही. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. दाराशीच पैसे घेतले, तर कधी बोलावणार आणि नकार असेल तर का, एवढं सांगणं तुमच्याकडे लागतं.

मी आयुष्यभर बोर्डाच्या परीक्षा घेतल्या. बोर्ड फी घेतं, पण फी घेतली की हॉल तिकीट देतं. त्यावर क्रमांक, केंद्र, तारीख, वेळ सगळं असतं. पोरगं नापास झालं तर फी परत मिळत नाही, आणि कुणी मागतही नाही. पण कोणत्या विषयात किती गुण हे कळतं. शंका असेल तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते, पुन्हा तपासणी मागता येते. फी घेऊन तारीख द्यायची नाही, आणि निकालात नुसतं 'नापास' लिहून विषयच सांगायचा नाही, असं बोर्डाने केलं तर पालक कचेरी डोक्यावर घेतील. मग व्हिसाच्या बाबतीत आपण हे मुकाट्याने का सोसतो?

आणि हे अशक्य आहे असंही नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा २००९ चा व्हिसा कायदा आहे. त्यात भेटीची वेळ साधारणपणे मागितल्यापासून दोन आठवड्यांत द्यावी, निर्णय सर्वसाधारणपणे १५ दिवसांत व्हावा, नकाराचं कारण ठरावीक नमुन्यावर लेखी द्यावं, आणि अपिलाचा हक्क असावा, हे सगळं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात भेटीच्या वेळा सुट्ट्यांच्या दिवसांत मिळत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण निदान बोट ठेवायला कागद तरी आहे. त्या पाहुण्यांच्या व्हिसाची फीही त्यांनी २०२४ च्या जूनमध्ये ८० युरोंवरून ९० केली. अमेरिकेकडे पाहुण्यांच्या व्हिसासाठी २१४-बी नावाचं कलम आहे. तुम्ही परत येणार हे तुम्हाला पटवून देता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही. पुन्हा १८५ डॉलर भरा आणि पुन्हा रांगेत या.

तारखांचं म्हणाल तर २०२२ मध्ये भारतात अमेरिकेच्या पाहुण्यांच्या व्हिसासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांहून पुढची तारीख दाखवत होते. करोनाच्या काळात कचेऱ्या बंद होत्या, माणसं कमी होती, हे कारण खरंच होतं. त्या सप्टेंबरात आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी वॉशिंग्टनला जाऊन हा प्रश्न जाहीरपणे मांडला. मग २०२३ च्या सुरुवातीपासून शनिवारीही मुलाखती झाल्या, जादा माणसं आणली, आणि त्या एका वर्षात भारतातल्या दहा लाखांहून अधिक व्हिसा अर्जांचं काम झालं. म्हणजे पुन्हा तेच. मनावर घेतलं तर होतं!

त्याच अमेरिकेचा आणखी एक नियम मला बोचतो. अगदी तातडीचं कारण असेल तर मुलाखत लवकर मिळू शकते, पण गरोदर नातलगाच्या मदतीला जाणं हे कारण चालत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या कोणत्याही आईला हे वाचून दाखवा. तिला नियम कळेल, पण त्यामागचा विचार कळणार नाही.

आता टीका पुरे. मला काय हवं ते सरळ लिहितो.

१. फी आणि तारीख एकत्र. तारीख उपलब्ध असेल तेव्हाच पैसे घ्या. तारीख नसेल तर नोंद फुकट करा.

२. रांगेत क्रमांक द्या. पहाटे उठून जो संगणकाकडे बघत बसेल त्याला तारीख मिळते, ही रांग नव्हे, झुंबड आहे. अशा झुंबडीत एजंटांचं फावतं. रेल्वेच्या वेटिंग लिस्टलासुद्धा नंबर असतो. सहा महिने थांबावं लागेल म्हणून सांगा, आम्ही थांबू. शेतकऱ्यांच्या गावातली माणसं आहोत, थांबायची सवय आहे. पण पेरणी कधी करायची ते तर कळू द्या.

३. कागदाची चूक आधी सांगा. मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी अर्जावर नजर टाकून, रकाना कोरा आहे, नाव जुळत नाही, असं कळवलं तर ती त्याच फीमध्ये दुरुस्त होईल. नेरच्या माणसाला मुंबईच्या दोन फेऱ्या म्हणजे काय, हे कधीतरी विचारात घ्या.

४. नकाराचं कारण लेखी द्या. दोन ओळी चालतील. पण त्या माणसाला समजतील अशा.

५. हे आपल्या सरकारसाठी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. माहेरचं नाव आणि सासरचं नाव ही एकच बाई, १ जुलै आणि ही दुसरी तारीख म्हणजे एकच माणूस, असा दाखला तहसीलमधून ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या नमुन्यात मिळू द्या. आज यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात असं ज्याला जे सुचेल ते करावं लागतं. आणि तो दाखला परदेशी वकिलातींनी ग्राह्य धरावा, हे दिल्लीने त्यांच्याशी बोलून ठरवावं.

आपणही दुसऱ्यांकडून असेच पैसे घेतो, हे विसरून चालणार नाही. आपल्या परदेशी नातवंडांना इथे येण्यासाठी जे ओसीआय कार्ड लागतं, त्याचेही अर्ज, फी, नावं जुळवणं आहेच. २०२१ मध्ये ते पुन्हा पुन्हा नवं करून घेण्याची कटकट बरीच कमी केली, ते चांगलं झालं. आपण आधी आपली खिडकी नीट ठेवली, तर दुसऱ्याच्या खिडकीशी चढ्या आवाजात बोलता येईल.

त्या मुलीचा अर्ज आम्ही तीन संध्याकाळी बसून भरला. प्रत्येक रकाना मी दोनदा वाचला, चष्मा लावून आणि चष्मा काढून. तिची जन्मतारीख दाखल्यावर आणि जन्मनोंदीत एकच आहे, हे पाहून मला उगाच बरं वाटलं. तिच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून माझ्याकडे नाही. "पैसे घेते कायले?" हे कुणीतरी त्यांना नीट समजावून सांगायला हवं, आणि ते काम माझं नाही, पैसे घेणाऱ्यांचं आहे.

नातीला आता सातवं लागलं आहे. हिच्याकडे व्हिसा आहे, पासपोर्ट आहे, दोन्ही नावांचे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात आहेत. गुडघे मात्र आता विमानात इतके तास बसू देत नाहीत. त्यामुळे दिवाळीत तीच मंडळी इकडे येणार आहेत. डिंकाचे लाडू करायचं ठरलं आहे. या खेपेला ते ज्यांच्यासाठी केले त्यांच्याच पोटात जातील असं दिसतंय.

बाकी सर्व क्षेम. तुम्ही सगळे तब्येती सांभाळा.